ज्याचा केसपेपर नव्हता

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न आणि तिच्यातून खाली सोडलेल्या रेघा म्हणजे मुलं. ज्याला मनाचा आजार आहे त्याचा चौकोन किंवा गोल पेनाने काळा करायचा. माणूस हयात नसेल तर वरून तिरकी रेघ मारायची. एवढं समजलं की माझं निम्मं काम तुम्हाला समजलं.

रत्नागिरीत एका ट्रस्टच्या बारा खाटांच्या मनोविकार दवाखान्यात मी एकतीस वर्षं समाजसेविका होते. समाजसेविका म्हटलं की लोकांना वह्या-पुस्तकं वाटणारी बाई वाटते. माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात डॉक्टर पेशंटला तपासायचे आणि मी त्याच्या घराला. नातेवाइकांना टेबलासमोर बसवून विचारायचं, तुमच्यात आधी कुणाला असं झालं होतं का? आजोबा, चुलते, मामा, आत्या? कुणी घर सोडून गेलं? कुणी वर्षानुवर्षं खोलीबाहेर पडलं नाही?

उत्तर ठरलेलं. "नाय ओ बाई, आमच्या घराण्यात असला कोन नाय."

मी सगळे चौकोन आणि गोल रिकामे काढायची. मग औषधं घेऊन माणसं उठायची, चपला घालायची आणि दारातून एखादी आत्या मागे वळून म्हणायची, "एक चुलता होता हां बाई. पण तो देवभोळा होता." दारातून सांगितलेली माहिती खरी असते, हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकले. म्हणून माणसं निघाली तरी मी पेनाला टोपण लावत नसे.

हातखंब्याच्या आतल्या एका गावातून एकदा दोन व्याह्यांची जत्राच आली होती. मुलगा आजारी होता. लग्नाला आठ महिने झालेले. मुलाच्या आईला माझ्याकडून लेखी हवं होतं की हा आजार सुनेच्या माहेरून आला. सुनेकडून नवऱ्याच्या अंगात आजार उतरत नाही, हे मी त्यांना तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्यांची सूनच म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या. तुमी लिवून दिलात तरी त्या वाचायच्या नायत." दवाखान्यात त्या दिवशी सगळे हसले. ती सून मात्र हसली नाही.

असे किस्से खूप आहेत. पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. ते ज्या माणसाबद्दल आहे तो कधी आमचा पेशंट नव्हता, तरी चोवीस वर्षं दर महिन्याला तो आमच्या दवाखान्यात येत होता. त्याला विचारून लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

पूर्णगडची एक बाई एका सकाळी आपल्या दोन मुलांना घेऊन आली. मी मान वर केली आणि पेशंट कोण तेच कळेना. एकच चेहरा, एकच उंची, एकाच ताग्यातून शिवलेले निळे शर्ट. मग दिसलं, एकाची दाढी वाढलेली होती आणि दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. दाढीवाला दत्ताराम, मनगट धरणारा जयराम. दोघं बावीस वर्षांचे. वडील बोटीवर नोकरीला होते, ते वारले होते. मुलांनाही बोटीवरच जायचं होतं. दोघांनी खलाशाची कागदपत्रं करून घेतली होती आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत गावकीच्या खोलीत राहत होते.

तिथे दत्ताची झोप गेली. खोलीतली माणसं आपल्याबद्दल कुजबुजतात असं त्याला वाटायला लागलं. मग रेडिओवरचा निवेदक त्याचं नाव घ्यायला लागला. मग जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय म्हणून त्याने जेवण सोडलं. जयराम त्याला घेऊन गावी निघाला. हातखंब्याला एसटी थांबली तशी दत्ता उतरून हायवेवर धावत सुटला. जयरामने त्याला एका ट्रकच्या पुढून ओढून काढलं, आणि तेव्हा जे मनगट धरलं ते आमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सोडलं नव्हतं.

डॉक्टरांनी निदान केलं, स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. मी तो शब्द नातेवाइकांसमोर कधी वापरला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मनाचे तुकडेच झाले, आता काय जोडायचं. मी सांगायची, याला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात, आणि ते त्याच्यापुरते शंभर टक्के खरे असतात. औषधाने आवाज कमी होतात. औषध सोडलं की परत येतात.

दत्ताला आत नेलं. आई आणि जयराम माझ्यासमोर बसले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. आईने नेहमीचं उत्तर दिलं. या वेळी दारापर्यंत जायची वेळ आली नाही. जयराम तिथेच म्हणाला, "आमचा मोठा काका होता."

"तू गप ऱ्हा," आई म्हणाली.

"किल्ल्याखालच्या खडकावर बसून समुद्राशी बोलायचा. मी पाह्यलेला नाय, आजी सांगायची. एक दिवस सकाळी पाण्यात गेला तो आला नाय."

आईने पदर तोंडाला लावला. "झाला तुजा समाधान? आता तुमची लग्ना कोन करील?"

मी काकाचा चौकोन काळा केला, वर तिरकी रेघ मारली. खाली दत्ताचा काळा केला. त्याच्या शेजारी जयरामचा रिकामा काढला आणि दोघांच्या मध्ये एक छोटी रेघ ओढली. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांची ती खूण असते. जयराम समोरून, उलट्या बाजूने, ते सगळं बघत होता.

"ही रेघ कसली?" त्याने विचारलं.

मी त्याच महिन्यात पुण्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. आनुवंशिकता हा विषय नवा होता आणि मला तो आवडला होता. तिथल्या सरांनी फळ्यावर आकडे लिहून दिले होते. सर्वसाधारण माणसांत शंभरात एकाला हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता दहात एक. आणि एका बीजाच्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जवळजवळ अर्धी. मी ते माझ्या वहीत लाल पेनाने अधोरेखित केलं होतं.

मी जयरामला तो आकडा सांगितला. खरं लिहायचं तर थोड्या उत्साहानेच सांगितला. समोर अगदी पुस्तकातल्यासारखे जुळे भाऊ बसले होते.

त्याने कागदावरच्या आपल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "म्हंजे हा चौकोन कधी काळा होईल?"

त्याच वेळी आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. दत्ता इंजेक्शनला तयार नव्हता. मी उठून धावले. तासाभराने परत आले तेव्हा जयराम बाहेर बाकावर आईजवळ बसला होता. दुसरे नातेवाईक माझ्या टेबलासमोर आले होते. त्याचा प्रश्न तसाच राहिला, आणि राहिला आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी खोटं बोलले नव्हते. पण आकड्याला दुसरी बाजू असते. जवळजवळ अर्धी शक्यता होण्याची, तर अर्ध्याहून थोडी जास्त शक्यता न होण्याची. हा आजार कुठल्या एका जनुकात लपून बसलेला नसतो. असंख्य बारीकसारीक गोष्टी रक्तातून येतात, प्रत्येकीचा धक्का अगदी थोडा. मग आईच्या पोटात काय झालं, जन्म कसा झाला, पुढे काय भोगलं, कोणतं व्यसन लागलं, हे सगळं त्यात मिसळतं. तसं नसतं तर एकाच बीजाचे दोघेही नेहमी आजारी पडले असते. आणि बहुतेकांना तो ऐन तरुणपणात गाठतो. पुढे एकेक वर्ष निभावलं की धोका कमी होत जातो. हे सगळं माझ्या त्याच वहीत पुढच्या पानावर होतं. लाल पेनाने अधोरेखित केलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी जयरामला बोटीवरचं बोलावणं आलं. तो गेला नाही. मला वाटलं, भावासाठी राहिला. इतर नातेवाइकांना मी त्याचं उदाहरण द्यायला लागले. "पूर्णगडचा एक मुलगा आहे, भावासाठी परदेशची नोकरी सोडली त्याने." कितीतरी कुटुंबांना मी हे अभिमानाने ऐकवलं असेल.

मग एका महिन्यात त्याची आई एकटी आली. औषधं घेतली, तरी उठेना. "बाई, नाटे गावची पोरगी ठरली होती. साखरपुडा झालेला. हा जाऊन सांगून आला, मना लगीन करायचा नाय. तिचा बापूस दारात येऊन वाट्टेल ता बोलून गेला. हा नुसता उभा."

"कारण काय सांगितलं?"

"कायच नाय. दत्तासारखी त्याची पन बुद्धी फिरली काय वो बाई?"

मी म्हणाले, तसं काही नाही, त्याच्यावर ताण आहे, वेळ द्या. आईला धीर दिल्याचं मला समाधान वाटलं. जयरामला बोलावून घ्यावं असं मनातही आलं नाही. आजारी दत्ता होता. केसपेपर दत्ताचा होता.

वर्षं गेली. दत्ताला औषध लागू पडलं. दोनदा त्याने गोळ्या सोडल्या, दोनदा भरती करावं लागलं, पण नंतर तो स्थिर झाला. अंगाने सुटला, हालचाली मंदावल्या, पण घरातली कामं करायचा, आईला मासे वाळत घालायला मदत करायचा. जयराम होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकला. पूर्णगडच्या खाडीपासून पावस गावापर्यंत त्याला मागणी होती. बिघडलेल्या इंजिनावर तो आधी हात ठेवायचा नाही, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि दोष कुठे आहे ते सांगायचा. नाट्याच्या होड्या मात्र घ्यायचा नाही. कोणी विचारलं तर लांब पडतं म्हणायचा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो दत्ताला घेऊन एसटीने यायचा. मी विचारायची, दत्ता झोपतो का, जेवतो का, गोळ्या घेतो का, आवाज येतात का. जयराम नीट उत्तरं द्यायचा. मी लिहून घ्यायची. तू कसा आहेस, हे मी त्याला विचारलंच नाही असं नाही. पण ते आपण जिन्यात भेटलेल्या माणसाला विचारतो तसं.

एकदा मी गृहभेटीला पूर्णगडला गेले. जेटीवर जयराम एका होडीच्या इंजिनावर वाकला होता. शेजारी होडीचा मालक उभा होता. जयरामने मान वर करून त्याला विचारलं, "टक्टक् येत्येय ना? तुमाला ऐकू येता ना?"

"येता की."

"नक्की?"

"अरे, बहिरा हाय काय मी?"

मला वाटलं, कारागिराची पद्धत असेल. मग आम्ही घरी गेलो. आई चहा करत होती, दत्ता ओसरीवर झोपाळ्यावर बसला होता. लांब कुठेतरी कुणीतरी हाक मारली. जयराम थबकला. माझ्याकडे बघून सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बाई, आत्ता हाक मारली ना कोनी?"

"हो, खालच्या अंगाला."

त्याचे खांदे खाली आले.  आणि मला समजलं. पूर्ण नाही, पण समजलं. हा माणूस दिवसभर ऐकलेला प्रत्येक आवाज दुसऱ्याकडून तपासून घेतो आहे.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात आईने चहा आणला, दत्ताने मला वाळवलेल्या बांगड्यांची पिशवी दिली, पाचची एसटी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. 'पेशंट नियमित औषध घेतो. घरकामात मदत करतो. भाऊ सहकार्य करतो.' त्या छापील कागदावर भावासाठी एवढीच एक ओळ होती आणि ती मी भरली.

त्यानंतर आई वारली. घरात दोघे भाऊ राहिले.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिची एक सवय मला सुरुवातीला वेळखाऊ वाटायची. पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही ती खुर्चीत बसवायची आणि त्याचंही पाच मिनिटं ऐकायची. पहिल्याच सोमवारी दत्ताची तपासणी झाल्यावर तिने जयरामला विचारलं, "आणि काका, तुम्हाला स्वतःला काही विचारायचंय?"

चोवीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी शेजारी फाईल घेऊन उभी होते.

जयराम म्हणाला, "मना कधी होनार?"

तिला कळेना. मलाही क्षणभर कळेना. मग त्याने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. "इथंच सांगितलेला, जुळ्याला अर्धी शक्यता. तेव्हापासून वाट बघतोय. रोज सकाळी उठल्यावर आधी कान देतो. काय बोलतंय का आत कोनी. बोटीवर गेलो आणि समुद्रात मधीच झाला तर? म्हणून गेलो नाय. नाट्याची पोरगी होती, आमच्या आवशीने दत्ताची केली तशी जन्मभराची सेवा तिच्या गळ्यात कशाला? आणि पोरांना झाला तर? म्हणून लग्नाला नाय बोललो."

डॉक्टरने त्याचं वय विचारलं. शेहेचाळीस. मग ती फार शांतपणे म्हणाली, "काका, तुम्हाला हा आजार व्हायची वेळ केव्हाच निघून गेली. आता ती भीती जवळजवळ उरलेली नाही."

मला वाटलं, तो हसेल. रडेल. दोन्ही झालं नाही. त्याने विचारलं, "कधी निघून गेली?"

"असा एक दिवस नसतो सांगता येण्यासारखा. तिशी ओलांडली की शक्यता बरीच कमी होते. चाळिशीनंतर अगदीच थोडी."

तो मनाशी काहीतरी जुळवत राहिला. मग दत्ताकडे बघून म्हणाला, "म्हंजे तू दुसऱ्यांदा भरती झालास तेव्हा मी सुटत आलो होतो."



"आणि पोरांचा?" जयरामने विचारलं.

 डॉक्टर खरं तेच म्हणाली. जुळा भाऊ असल्यामुळे त्याच्या मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त राहिला असता, पण दहातली नऊ मुलं निरोगीच झाली असती.

"नऊ," जयराम म्हणाला. त्याने औषधाची पिशवी उचलली, दत्ताला म्हणाला, "चल, गाडी जाईल." जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या महिन्यात दत्ता एकटाच आला.

निवृत्तीनंतर दोन आठवड्यांनी मी पूर्णगडला गेले. कुठल्याही अहवालासाठी नाही. दार दत्ताने उघडलं. जयराम जेटीवर होता. दत्ताने मला बसवलं, चहा ठेवला. कप मोजून काढताना पाठमोराच म्हणाला, "बाई, त्या दिवसापासून तो माझ्याशी नीट बोलत नाय."

"तुझी काही चूक नाही, दत्ता."

"ता मना म्हायत हाय. पन बगा, आजार मना झाला. मना तुम्ही होतात, डॉक्टर होते, आवस होती, तो होता. त्याला कोन होता?"

दत्ता आयुष्यात माझ्यासमोर एका वेळी इतकं बोललेला मला आठवत नाही.

जयराम आला. हाताला ग्रीस होतं, ते पुसत तो उंबऱ्याशीच उभा राहिला. मी उठून उभी राहिले. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "जयराम, माझं चुकलं. तुला मी अर्धवट सांगितलं, आणि नंतर चोवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही."

"तुम्ही खोटं नाय बोललात."

"नाही. पण पुरं बोलले नाही."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. ग्रीस निघून गेलं होतं तरी पुसत होता. "बाई, मी माफ केला असा बोललो तर तुमाला बरा वाटेल. पन तसा माझ्या मनात येत नाय अजून. खोटा कशाला बोलू? चाय घ्या."

मी चहा घेतला. तो गोड होता की नव्हता, सांगता येणार नाही. परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं की मी माफी मागायला गेले होते तीसुद्धा थोडी माझ्यासाठीच. अशा वेळी लोक म्हणतात, तुमच्या मनात वाईट नव्हतं ना, मग झालं. मनात वाईट नव्हतं हे खरं. पण माझ्या शिकलेपणाचं जे ओझं मी त्या टेबलावरून सहज पलीकडे सरकवलं, ते उचलून एक बावीस वर्षांचा मुलगा शेहेचाळीस वर्षांचा झाला.

आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. "बाई, काम हाय. या जरा."

दोघा भावांना एक धाकटी बहीण आहे, लांज्याला दिलेली. तिची मुलगी श्रुती रत्नागिरीला शिकते. एकवीस वर्षांची. कॉलेजमधल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं, दोन्ही घरी माहीत होतं. कुणीतरी तिला विचारलं, तुझ्या मामाला काय झालंय? तिने मोबाईलवर शोधलं. आनुवंशिक, बरा न होणारा, असं काहीबाही वाचत गेली. आता त्या मुलाचे फोन घेत नव्हती. आईशी बोलत नव्हती. कॉलेज बुडवून मामाकडे येऊन बसली होती.

"माझ्यासारखा करत्येय ती," जयराम फोनवर म्हणाला. "मी सांगितला तर ऐकत नाय. तुम्ही सांगा. पन बाई, नीट सांगा."

हे शेवटचे दोन शब्द तो रागाने बोलला नाही. विनवून बोलला.

मी गेले तेव्हा श्रुती मागच्या पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. या वेळी मी कागद-पेन काढलं नाही. चौकोन नाहीत, गोल नाहीत. मी तिला म्हटलं, तू काय काय वाचलंस ते आधी मला सांग. ती अर्धा तास बोलली. मधेमधे रडली. मी मधे तोंड घातलं नाही. जयराम दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला होता, दत्ता त्याच्या पलीकडे.

मग मी बोलले. "हे बघ, शंभर माणसं घेतली तर एकाला हा आजार होतोच, घरात कुणाला नसला तरी. ज्यांच्या मामाला आहे अशा शंभर भाच्या घेतल्या तर तिघी-चौघींना होतो. म्हणजे थोडा जास्त. खोटं सांगत नाही मी. आता उरलेल्या शहाण्णव जणींचं काय होतं, सांग."

"काय?"

"कुणाला नोकरी लागते. कुणी लग्न करते, नवऱ्याशी भांडते. कुणाला पुढे मधुमेह होतो. एखादी माझ्यासारखी समाजसेविका होऊन लोकांना सल्ले देते."

ती नाक पुसता पुसता हसली.

मी तिला सांगितलं, काय जपायचं. बरेच दिवस झोप उडाली, माणसं नकोशी झाली, विनाकारण संशय यायला लागले, तर लपवायचं नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं. कुणी मजा म्हणून गांजा पुढे केला तर तुझ्यासारखीने त्याच्या वाटेला जायचं नाही. लवकर औषध सुरू झालं तर माणूस किती नीट राहतो ते दत्तामामा समोर बसलाय. आणि त्या मुलाला खरं सांगायचं, सगळं, आकड्याच्या दोन्ही बाजू. पुढचं त्याने ठरवायचं. त्याच्या वतीने तू आधीच नाही म्हणायचं नाही.

"आणखी काय विचारायचंय?" मी म्हटलं.

तिने विचारलं. बरंच विचारलं. काहींची उत्तरं मला येत नव्हती. मी म्हटलं, येत नाहीत, डॉक्टरांना विचारू, तुझ्याबरोबर मी येते. सूर्य खाडीच्या अंगाला गेला तरी आम्ही बसलो होतो. शेवटी ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "आईला फोन करते." मोबाईल घेऊन अंगणात गेली. तिथे रेंज येते.

जयराम इतका वेळ हलला नव्हता. ती बाहेर गेल्यावर त्याने मला विचारलं, "एवढाच सांगायचा होता?"

मी म्हणाले, "हो. एवढंच."

त्याने मान हलवली. खाली ठेवलेले चार कप एकात एक घातले आणि मागच्या मोरीवर गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. अंगणात श्रुती आईशी बोलत होती, मधेच रडत होती, मधेच हसत होती. चार कप धुवायला वेळ लागतो तो किती? दत्ता उठायला निघाला. माझ्याकडे बघून परत बसला. मोरीवरचा नळ चालूच होता.